गॅलरीतले अंडे

आमच्या घरात अंडे आणि स्वयंपाकघर यांची कधी भेट झालेली नव्हती. आईचे माहेर खाप्याचे, घर माळकरी. लग्न होऊन ती नागपुरात आली तेव्हा तिने एकच अट घातली होती आणि बाबांनी ती पाळली. पाळली म्हणजे त्यांनी अंडी सोडली नाहीत. घरात खाणे सोडले. संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे, कोपऱ्यावरच्या अंड्याच्या ठेल्याजवळ थांबायचे, बुर्जी-पाव खायचा, शेजारच्या पानठेल्यावरून चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायची आणि घरी यायचे. दार उघडताना आई विचारायची, "झालं फिरून?" बाबा म्हणायचे, "झालं." दोघांनाही सगळे माहीत होते. या व्यवस्थेत कोणाचीच अडचण नव्हती.

अडचण बाबांच्या हृदयात झाली. हिवाळ्यात त्यांना स्टेंट बसवला. धंतोलीतल्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी काय खायचे, काय नाही हे समजावून सांगितले आणि काही विचारायचे आहे का असे म्हणाले. बाबांना एकच विचारायचे होते.

"साहेब, अंडं?"

"उकडलेलं खा. तळलेलं नाही. ठेल्यावरची बुर्जी तर विसरूनच जा."

"ठेल्यावर उकडलेलंही भेटते," बाबा म्हणाले.

सोबत आलेली आई पुढे सरकली. "डॉक्टरसाहेब, हे त्या तव्यापाशी उभे राहतीन अन् उकडलेलं खाऊन वापस येतीन, असं तुम्हाले वाटते का?"

डॉक्टरांनी बाबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. "घरीच खा," ते म्हणाले.

बाबा आयुष्यभर कोर्टात कारकून होते. डॉक्टरांचा शब्द म्हणजे वरच्या कोर्टाचा निकाल, असे त्यांचे मत होते. पण ज्या घरात हा निकाल अमलात आणायचा होता, तिथे आईचे राज्य होते.

पुढचे काही महिने अंड्याविना गेले. आईने मूगडाळ, मटकी, पनीर, सोयाबीन असे सगळे करून पाहिले. बाबा सगळे खात आणि प्रत्येक वेळी "चांगलं आहे" असे म्हणत. निरोपाच्या भाषणात माणसे जसे म्हणतात, तसे. होळीच्या सुमारास आईला कपडे भिजवताना त्यांच्या शर्टाच्या बाहीवर एक पिवळा, तेलकट डाग दिसला. तिने शर्ट नाकाशी नेला. मग तो न भिजवता तसाच दोरीवर टाकला. बाबा संध्याकाळी आले तेव्हा शर्ट दारासमोरच लटकत होता. त्या दिवशी आईने "झालं फिरून?" असे विचारले नाही. ती भांडली असती तर बरे झाले असते, असे बाबा नंतर म्हणाले. ती घाबरली होती.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. मी त्याला फोनवर डागाची हकीगत सांगितली आणि आठवडाभरात त्याच्याकडून एक मोठे खोके आले. आत एअर फ्रायर होता. तेलाशिवाय समोसा, तेलाशिवाय कचोरी, तेलाशिवाय सगळे. आईने ओट्यावर जागा नाही असे सांगून तो गॅलरीतल्या टेबलावर ठेवायला लावला. पहिल्या दिवशी त्यात आलूबोंडे झाले. बाबांनी एक हातात घेतला, टेबलावर हळूच आपटून पाहिला आणि म्हणाले, "हा बोंडा नाही, बोंड्याची खरी नक्कल आहे."

त्यानंतर मशीनवर जुनी उशीची खोळ घातली गेली.

ती खोळ मे महिन्यात निघाली. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. मशीन वापरता की नाही, असे त्याने विचारले. बाबा म्हणाले, वापरतो, त्यावर कपड्यांच्या चिमट्यांचा डबा ठेवतो. भाऊ वैतागून म्हणाला, "अहो, त्यात अंडीसुद्धा उकडतात."

"किती पाणी टाकावं लागते?"

"पाणी नाही लागत."

"मंग भांडं?"

"भांडंही नाही. अंडी टोपलीत ठेवायची, बटन दाबायचं."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठले. भाऊ फोनमधून "हॅलो, हॅलो" करत राहिला. मी फोन तसाच धरून बाबांच्या मागे गेले, त्यामुळे पुढची सुनावणी पुण्यातही ऐकू गेली.

आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"ऐक ना. तुह्यी अट काय होती? सयपाकघरात अंडं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"तुह्यं भांडं नाही."

"नाही."

"तुह्या गॅसवर नाही."

"मुळीच नाही."

"मंग मी म्हणतो, सयपाकघर नाही, भांडं नाही, गॅस नाही, पाणीसुद्धा नाही. गॅलरीत अंडं टोपलीत ठेवलं, त्यानं गरम हवा खाल्ली अन् बाहेर आलं. याले काही सयपाक म्हणत नाहीत."

"मंग काय म्हणतात?"

बाबांनी बाहेर पाहिले. दुपारची वेळ होती, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी वितळेल की काय असे वाटत होते. "उन्हात ठेवलं म्हणतात," ते म्हणाले.

फोनमध्ये भाऊ हसला. आईने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. "अन् वास?"

"कवच बंद राहते. वास निघन कुठून?"

"मी सांगून ठेवतो," आई म्हणाली. खाप्याच्या बायका रंगात आल्या की अशाच पुरुषासारख्या बोलतात. "माह्या हॉलमध्ये अंड्याचा वास आला, की तुमची मशीन त्याच दिवशी पुण्याले वापस. मंग मी काही ऐकणार नाही."

"मंजूर."

"अन् गॅलरीचं दार लावून घ्या."

दार लावून घ्या, म्हणजे होकार. बाबा त्याच पावली खाली गेले आणि अंडी घेऊन आले.

पुढचे समजण्यासाठी गॅलरीचा नकाशा सांगणे आवश्यक आहे. एका कोपऱ्यात टेबलावर मशीन. तिच्यापासून हातभर अंतरावर, हॉलच्या खिडकीला लावलेला कूलर. एप्रिल लागला की त्याच्या बाजूंच्या जाळीदार ताट्यांत नवे खस भरणे, पंप तपासणे, टाकी धुणे हे काम बाबा दुसऱ्या कोणालाही करू देत नाहीत. एकदा टाकी धुतली की पावसाळ्यापर्यंत रोज वरून पाणी भरत राहायचे, ती पुन्हा रिकामी करायची नाही. कूलर गॅलरीतली हवा ओल्या खसातून ओढतो आणि हॉलमध्ये फेकतो. हॉलमधली सगळ्यात चांगली जागा त्याच्या समोरच्या दिवाणावर. पाहुणा आला की त्याला तिथे बसवतात.

त्या दिवशी बाबा पाइप लावून कूलरमध्ये पाणी भरत होते. टाकीची बाजूची ताटी काढलेली होती. त्यांनी चार अंडी टोपलीत ठेवली आणि मशीनचा आकडा दोनशेवर नेला. एवढे कशाला, असे मी विचारले. "मशीन नवीन आहे, तिले काय झालं?" ते म्हणाले.

थोड्या वेळाने बंद डब्यात सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला.

"काय झालं वो?" आईने आतून विचारले.

"काही नाही! कबूतर!"

त्यांनी टोपली ओढली. आत एका अंड्याने आपली हकीगत सगळ्या भिंतींवर लिहिली होती. उरलेली गरम होती आणि त्यांच्यातूनही बारीक शिटी येत होती. सांडशी स्वयंपाकघरात, म्हणजे हद्दीबाहेर. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा हातावर गुंडाळला, अंडी पकडली, "आई गं" म्हणाले आणि जे पाणी समोर दिसले त्यात टाकून दिली. ते पाणी कूलरचे होते.

मग कोपरापर्यंत हात घालून त्यांनी टाकी चाचपली. दोन अंडी हाताला लागली. तिसरे लागले नाही. टोपलीतल्या कवचाच्या तुकड्यांची पाहणी केल्यावर, ते तुकडे एका अंड्याच्या मानाने फार आहेत, म्हणजे अंडी दोन फुटली असली पाहिजेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. बाबांनी काढला, मी मान डोलावली. प्रकरण तिथे बंद झाले.

सापडलेली दोन बाबांनी सोलायला घेतली. कवच दोन तुकड्यांत, अंगठ्याखालून आपसूक सरकल्यासारखे निघाले. आत पांढरे, गुळगुळीत, डाग नसलेले अंडे. भांड्यात उकडलेले अंडे सोलताना निम्मा पांढरा भाग कवचासोबत जातो, हे ठेल्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक होते. ते अंडे त्यांनी उजेडात धरले.

"पाह्य वं पोरी," ते हळूच म्हणाले. "याले म्हणतात अंडं."

मग दाराला टकटक करून आईकडे मीठ मागितले. दार बोटभर उघडले. कागदाची छोटी पुडी बाहेर आली, दार बंद झाले. पुडीत मीठ होते आणि मागितली नसताना मिऱ्याची पूडही होती.

तिथून पुढे आमच्या गॅलरीत सुवर्णकाळ आला. भावाने फोनवर ओरडून आकडा एकशेचाळीसवर आणवला, मग स्फोट थांबले. पाव तासात अंडी तयार होत. गरम अंडी लगेच गार पाण्यात टाकायची असतात, हेही त्याने सांगितले. बाबा म्हणाले, ते आम्हाले माहीत आहे. रात्रभर चाललेल्या कूलरचे पाणी सकाळी चांगले गार असते, स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नाही, भांडे लागत नाही. बाबांनी कांद्याची लाल जाळी घेतली, तिला सुतळी बांधली आणि अंडी जाळीत घालून टाकीत सोडायला सुरुवात केली. विहिरीत पोहरा सोडावा तशी ती जाळी डौलाने खाली जाई आणि तशीच वर येई. पाणी कोणते, असे आईने एकदा विचारले. "गॅलरीतलं," बाबा म्हणाले. ते खरेही होते.

सकाळच्या फिरण्याच्या गटातले त्यांचे मित्र प्रयोग पाहायला येऊ लागले. चपला गॅलरीबाहेर काढून ते दाटीवाटीने उभे राहत आणि मशीनच्या काचेतून आत पाहत. कळमेश्वरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले की आमच्या भट्टीचेही हेच तत्त्व. बाबांनी त्यांना अर्धे अंडे जास्त दिले. संध्याकाळी बाबा बागेकडे जात. ठेला उजवीकडे, बाग डावीकडे. आई गॅलरीत कपडे काढायला येई आणि ते कोणीकडे वळतात हे पाहून आत जाई. कपडे काही रोज नसत.

मग वास आला.

पहिल्यांदा आईलाच आला. ती हॉलच्या मध्यभागी उभी राहिली आणि म्हणाली, "अंडं."

बाबांनी तत्काळ मशीनची टोपली तिच्यासमोर आणली. ती स्वच्छ होती. मी वास घेतला, आईने पदर नाकाला लावून लांबून घेतला. टोपलीला कसलाही वास नव्हता. बाबा म्हणाले, ठीक आहे, तपास होईपर्यंत मी अंडी बंद ठेवतो. अंडी बंद झाली. वास वाढला. अंडी नसताना वास वाढतो याचा अर्थ अंडी निर्दोष आहेत, हे आईलाही मान्य करावे लागले. बाबा सन्मानाने सुटले आणि दुसऱ्या दिवशी जाळी पुन्हा टाकीत उतरली.

"उंदीर मेला असन कुठी," ते म्हणाले आणि बाजारातून खसाचे अत्तर आणून कूलरच्या पाण्यात ओतले. आता हॉलमध्ये खसाचा वास येऊ लागला आणि त्याच्या मागे दबकत चालत दुसरा.

याच सुमारास खाप्याहून मावशी आली. आईची मोठी बहीण, अंगाने लहान, आवाजाने मोठी. धंतोलीत तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि आरामासाठी ती आमच्याकडे राहिली. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, वर काळा चष्मा. तिला अर्थातच कूलरसमोरच्या दिवाणावर निजवले.

अर्ध्या तासात ती उठून बसली.

"काहून वं, तुह्या घरी काही मेलं का?"

आई लाजेने लाल झाली. माहेरच्या माणसाने घराला नाव ठेवणे तिला सहन होत नाही. "उंदीर असन, बाई. हे पाहून राहिले."

बाबा खरोखरच पाहून राहिले होते. त्या दिवसासारखा झडतीचा उत्साह मी नंतर पाहिला नाही. त्यांनी फ्रीज ओढला, दिवाणाखालच्या पेट्या काढल्या, विजेरी तोंडात धरून शोकेसच्या मागे अर्धे शरीर घातले. हाती लागलेला माल असा: चष्म्याची एक काडी, भावाचा शाळेतला कंपास आणि एक वाळलेली पाल. पाल त्यांनी कागदावर घेऊन सगळ्यांना दाखवली.

"सापडली!"

मावशीने चष्मा वर करून उघड्या डोळ्याने पाहिले. "जवाईबुवा, तिचा तं पापड झाला. तिले आता कायचा वास?"

"मंग कुठून येऊन राहिला, बाई?"

"कूलर बंद कर वं," मावशी आईला म्हणाली. आईने बंद केला. मावशी नाक वर करून बसली. "आता चालू कर." वास आला. "बंद कर." गेला. "कर चालू." आला.

"तो खसचा आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या डोक्यात काहीतरी उलटे मोजले जात होते हे चेहऱ्यावर दिसत होते.

"जवाईबुवा, माहा डोळा झाकला हाये. नाक उघडं हाये."

आईने कूलर बंद केला. बाबा गॅलरीत गेले, मी मागोमाग. त्यांनी ताटी काढली, बाह्या सारल्या आणि या खेपेला हात पंपाच्या खाली, अगदी मागच्या कोपऱ्यात घातला. तिथे तो थांबला.

"पोरी," ते म्हणाले, "फुटलं एकच होतं."

हात बाहेर आला. तळव्यावर पहिल्या दिवशीचे तिसरे अंडे होते. राखाडी, तडकलेले, वर हिरवी साय धरलेली. पुढचे सगळ्यांसमोर घडले. "सापडलं का वो?" म्हणत मावशी दिवाणावरून उठली आणि गॅलरीतले नीट दिसेना म्हणून तिने भिंतीवर दिव्याचे बटन शोधले. एका डोळ्याने जे सापडले ते कूलरचे होते. पंखा सुरू झाला. बाबा दचकले. मूठ मिटली.

त्या वासाचे वर्णन मी करणार नाही. तो गॅलरीत क्षणभरसुद्धा थांबला नाही. कूलरने तो पूर्ण वेगाने, गार करून, खसाच्या अत्तरासकट हॉलमध्ये पाठवला. तिथून तो बेडरूममध्ये गेला, देवघरात गेला, न्हाणीघरात गेला. आईने देवापुढची उदबत्ती उचलली, मावशीने आपली पिशवी उचलली आणि आम्ही सगळे जिन्यात येऊन उभे राहिलो. बाबा सर्वांत शेवटी आले, उजवा हात अंगापासून लांब धरून, पाण्याची टाकी शोधत असल्यासारखे.

मावशी एका पायरीवर बसली. तिचे खांदे हलू लागले. आधी वाटले, तिला उमासे येत आहेत. मग तिने पदर तोंडात कोंबला, आणि तोही पुरला नाही.

"डॉक्टरनं हसू नोको म्हणून सांगतलं वं मले," ती कशीबशी म्हणाली. "टाका तुटते म्हणे."

"मंग नोको हसू, बाई!" आई ओरडली.

"कशी नोको हसू? तुह्या सयपाकघरात नाही आलं वं ते. बाकी साऱ्या घरात फिरून आलं!"

वरच्या मजल्यावरून कोणीतरी गॅस लीक आहे का असे विचारले. बाबा म्हणाले, नाही, खस आहे. यावर मावशीला पायरीवर आडवे व्हावे लागले. मी कठडा धरून हसत होते. मग खुद्द बाबाही हसू लागले, आणि हसताना त्यांनी त्याच हाताने डोळे पुसायला घेतले, तेव्हा आम्ही तिघी एकदम किंचाळलो.

आई किंचाळली, पण हसली नाही.

टाकी धुतली, खस काढून फेकले, घर पुसले. दुपार त्यातच गेली. हे झाल्यावर बाबांनी मशीनची टोपली घासली, तिची वायर गुंडाळली, जपून ठेवलेले खोके माळ्यावरून काढले आणि मशीन आत ठेवली. कोणी सांगितले नव्हते. हॉलमध्ये वास आला तर मशीन पुण्याला परत, ही अट होती, अटीला त्यांनी "मंजूर" म्हटले होते. खोक्यावर चिकटपट्टी लावताना तिचा कर्रर आवाज घरभर ऐकू गेला. उरलेली अंडी त्यांनी कळमेश्वरवाल्या मित्राला देऊन टाकली.

संध्याकाळी त्यांनी धुतलेला शर्ट घातला. "येतो फिरून," ते म्हणाले.

आई गॅलरीत गेली. दोरीवर कपडा नव्हता, सकाळपासून कोणी काही धुतलेच नव्हते. मी तिच्या मागे उभी होते, मावशी दिवाणावरून विचारत होती, "कुठी गेले वं?" कूलर बंद असल्यामुळे रस्त्याचे आवाज स्पष्ट येत होते. कोपऱ्यावर ठेला लागला होता. तव्यावर उलथन्याचा कट-कट आवाज चालू होता. बुर्जीवाला गिऱ्हाईक नसतानाही ते वाजवत राहतो. बाबा कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. डावीकडे बाग होती. ते डावीकडे पाहत होते. पाय मात्र उजवीकडे वळत होते, हळूहळू, जणू त्यांच्या नकळत.

आईने कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"ऐकता का!"

मी तिला गॅलरीतून अशी हाक मारताना कधी ऐकले नव्हते. समोरच्या गच्चीवरची माणसे कठड्याशी आली. बाबांनी वर पाहिले.

"बर्फ लावला हाये मी फ्रीजमध्ये! अन् वाटी काढून ठेवली हाये! येताना अंडी घेऊन या!"

बाबा तसेच उभे होते. ठेलेवाल्याने उलथने थांबवले.

"कच्ची!" आई ओरडली. "कच्ची आणा म्हणतो!"

खालच्या मजल्यावरच्या काकू हसल्या, मग समोरची गच्ची हसली. बाबांनी कानाला हात लावून ऐकू आले अशी खूण केली. ते ठेल्याकडेच गेले, पण तव्यापाशी न थांबता मागच्या बाजूने. ठेलेवाल्याच्या मागच्या ट्रेमधून कच्ची अंडी घेतली आणि सरळ घरी आले. बडीशेप घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्याची पट्टी फाडली गेली. गॅलरीत मशीन लागली. अंडी झाल्यावर बाबांनी सवयीने जाळी शोधली, मग आठवून उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. आईने आतून स्टीलची मोठी वाटी पुढे केली. तिच्यात पाणी आणि बर्फाचे खडे होते. बाबा ती घ्यायला हात लावत होते, पण आई ती सोडत नव्हती.

"घेऊन कुठी चालले? कूलरपाशी? इथंच आणा."

बाबांनी टोपली आणली. उंबरा ओलांडताना त्यांनी पाय उचलला आणि एकदा आईकडे पाहून मग टेकवला. अंडी बर्फात पडली. वाटीवर वाफ आली आणि गेली. आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, पण बाहेर गेली नाही.

मावशीने स्टूल ओढले, एक अंडे उचलले, ओट्याच्या काठावर टिचकी मारावी तसे टेकवले, तळहाताखाली एकदा फिरवले आणि कवच सलग, एका पट्टीत उतरवून ठेवले. एका डोळ्याने. बाबा पाहत राहिले. त्यांचे इतक्या दिवसांचे कौशल्य यापुढे काहीच नव्हते.

"बाई," आई म्हणाली, "तुले कसं येते हे?"

"तुहे भाऊजी गोठ्यात बसून खात," मावशी म्हणाली. "सोलून कोण देईन त्याईले? म्हैस?"

आता आई हसली. काल जिन्यात राहून गेलेले सगळे हसू तिने ओट्याला टेकून पुरे केले.

बाबांनी मीठ-मिरे लावून अंडे खाल्ले आणि वाटी धुवायला उचलली. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. ओल्या वाटीवरची अक्षरे त्यांनी उजेडात धरून वाचली. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आत्याचे नाव होते. आत्या आणि आई दिवाळीतही एकमेकींना फोन करत नाहीत.

"ही तं माह्या बहिणीनं देल्ली वाटी आहे," बाबा म्हणाले.

"होय," आई म्हणाली. "इतके वर्स पाहून राहिली होती मी, हिच्यात काय ठेवावं म्हणून."